गुरुवारचं टेबल

काका आधी बोटांच्या पेरांनी टेबलावर दोनदा टकटक करायचे आणि मगच खुर्ची ओढायचे. टेबलाला दुसरं कोणीही नसायचं. चौक गावाला जुन्या हायवेच्या कडेला, गॅरेजांच्या रांगेत एक ढाबा आहे, त्यातलं हे खिडकीजवळचं टेबल. गुरुवारी संध्याकाळी पाचला काका येणार, टकटक करणार, बसणार आणि खिशातून पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या काढणार. एक स्वतःपुढे ठेवणार, दुसरी समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. मग ढाबा चालवणाऱ्या मावशी उंच काचेच्या ग्लासात ताक आणून काकांपुढच्या चकतीवर ठेवायच्या. ताकावर दोन बोटं फेस लागायचा. कमी असला की ग्लास परत जायचा. मावशी आत जाऊन पुन्हा रवी फिरवायच्या आणि येताना सगळ्यांना ऐकू जाईल असं पुटपुटायच्या, "येड लागलंय या माणसाला." पण फेस आणायच्या.

लोक त्यांना 'जर्मन' म्हणायचे. खोपोलीच्या बाजूला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ते कामाला होते. कंपनीने तिकडून मोठं मशीन मागवलं आणि ते चालवायला शिकून या म्हणून काकांना आठ महिने जर्मनीला धाडलं. आमची आई म्हणायची, "भावोजी आठ महिने जगले आणि पुढं तेच पुरवून पुरवून वापरलं." तिच्या बोलण्यात टोमणा होता, पण खोटं काही नव्हतं. लग्न केलं नाही. खालापूरला दोन खोल्यांत राहायचे. चकत्या मात्र स्वतः कापायचे, बुटांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून, कंपास लावून, एकसारख्या.

ते आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, सख्खे धाकटे भाऊ. तरी पंचविशीपर्यंत मी त्यांच्याशी चार वाक्यं बोलले नव्हते. आमचं घर कोंडाण्याला, लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर. तिथे काकांचं नाव निघत नसे. मी तिसरीत असताना आप्पांचं आणि त्यांचं काहीतरी बिनसलं, एवढंच मला ठाऊक होतं. काय, ते कोणी सांगायचं नाही, आणि विचारलं की आई भाकऱ्या थापायला बसायची.

पुढे मी नर्स झाले. कल्याणला क्लास लावून जर्मन शिकले, परीक्षा दिली आणि तिकडच्या एका गावात वृद्धांची देखभाल करायची नोकरी मिळाली. तेव्हा आईनेच आप्पांसमोर म्हटलं, "अख्ख्या तालुक्यात तिकडं जाऊन आलेला एकच माणूस माझ्या माहितीत हाय. पोरीला चार गोष्टी कळल्या तर काय बिघडंल?" आप्पा शेंगा सोलत होते. वर न बघता म्हणाले, "जा. उजेड हाय तवर ये."

मला वाटलं, काका हवामान सांगतील, कपडे सांगतील, नाही तर तिकडचे नवे शब्द शिकवतील. मी वहीपेन घेऊन गेले होते. काकांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही.

"भाषा येईल तुला," ते म्हणाले. "बसायला येतं का?"

"म्हणजे?"

"चार माणसांत बसायला. ड्यूटी संपली की त्या बायका म्हणणार, चल गं, कोपऱ्यावर जाऊन बसू. पबमध्ये. तू काय म्हणशील?"

"मी पीत नाही काका."

"मी तरी कुठं पितो? सफरचंदाचा रस सोडा घालून माग. कोणी वाकडं बघत नाही. पण तू 'नको' म्हणालीस की संपलं. आपल्याकडं तीनदा आग्रह करतात, चौथ्यांदा आपण 'बरं' म्हणतो. तिकडं पहिलंच 'नको' खरं धरतात बाय. मग तू खोलीत एकटी बसणार आणि म्हणणार, माणसं तुटक आहेत."

त्या दिवशी ते मला बरंच तिरसट वाटले. पण दोन वर्षांनी सांगते, त्यांच्या सगळ्या बोलण्यातलं हे एकच कामाला आलं असतं तरी माझे जाण्यायेण्याचे हेलपाटे फुकट गेले नसते.

सलग नऊ गुरुवार मी गेले. कर्जतहून चौकपर्यंत टमटम, मग पायी. समोरची खुर्ची तशीच रिकामी, मी बाजूला स्टुलावर. काका पाचला एक मिनिट कमी असताना यायचे आणि मी सव्वापाचला पोचले तर घड्याळाकडे न बघता, घड्याळ मला दिसेल असा हात टेबलावर ठेवायचे. शिकवण्याची तऱ्हा अशी की सांगायचं कमी आणि करवून घ्यायचं जास्त. भरल्या टेबलाशी उशिरा पोचलीस तर एकेकाशी हात मिळवत फिरायचं नाही, दोनदा टकटक केलं की सगळ्यांना नमस्कार पोचला. उठतानाही तसंच. वाढणाऱ्याला 'शुक शुक' करायचं नाही, चुटकी वाजवायची नाही. हात जरासा वर आणि नजरेला नजर. हे मावशींवर करून बघायचं. मी हात वर करून बघत बसायचे, मावशी भजी तळत पाठमोऱ्या. शेवटी त्याच वैतागायच्या, "हाक मार की गं सरळ, तोंड नाय का तुला?"

एकदा काकांनी मला पलीकडच्या टेबलावर धाडलं. तिथे एक ट्रकवाला एकटाच जेवत होता. तिकडे अनोळखी माणसाच्या टेबलालाही बसतात, फक्त विचारायचं, इथं मोकळं आहे का. मी जीव मुठीत धरून गेले आणि विचारलं. तो बिचारा ताट उचलून उभाच राहिला आणि बाहेर बाजेवर जाऊन बसला. काकांनी कपाळाला हात लावला. "आपल्याकडं बाई बसायला आली की माणूस उठतो," ते म्हणाले. "तिकडं तो नुसतं 'हो' म्हणेल आणि आपला खात राहील. त्याचा अपमान मानू नकोस."

सगळ्यात अवघड गेलं ते डोळ्यांत बघणं. ग्लासाला ग्लास लावताना 'प्रोस्ट' म्हणायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. पाण्याने करायचं नाही, ते अशुभ. ताक चालतं, असा काकांनी स्वतःच निकाल दिला होता. मी ग्लास लावायचे आणि नजर आपोआप खाली जायची. मोठ्यांच्या नजरेला नजर भिडवायची नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं.

"पुन्हा," काका म्हणायचे.

"जमत नाही काका."

"नजर चुकवली तर सात वर्षं वाईट जातात, असं ते मानतात. पुन्हा."

त्यांनी एका बैठकीत अकरा वेळा करवून घेतलं. फेस विरून गेला. अकराव्या वेळी मी बघितलं, तर डोळे त्यांचे भरलेले होते. मी घाबरून विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "काही नाही. आमच्या दादाचे डोळे आहेत तुला."

त्याच दिवशी मी विचारलं. समोरची चकती कुणासाठी, हे एव्हाना कळत होतंच. मी विचारलं ते वेगळं. टेबलाच्या कडेला चार स्क्रूची भोकं होती, तिथे पूर्वी काहीतरी बसवलेलं असणार.

काका बराच वेळ भोकांवरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांची कारखान्यातली भाषा हळूहळू सुटत गेली.

जर्मनीत प्रत्येक पबमध्ये एक टेबल नेहमीच्या माणसांचं असतं. त्याला श्टामटिश म्हणतात. त्यावर तशी पाटी असते. ठरलेला वार, ठरलेली माणसं, वर्षानुवर्षं. बाकी कुठेही बसावं, पण त्या टेबलावर बोलावल्याशिवाय बसायचं नाही. काकांना आठ महिन्यांत सगळ्यात आवडलं ते हेच. एका गावातल्या लोकांनी त्यांना त्या टेबलावर बोलावलं होतं, आणि तो मान ते विसरू शकत नव्हते. परत आल्यावर त्यांनी टूलरूममध्ये पितळेची पाटी केली, 'राखीव' अशी अक्षरं कोरली, आणि इथे या टेबलाला ठोकली. तेव्हा ढाब्यात बिअर मिळायची. कारखान्यातले तिघे आणि काका, दर गुरुवारी. लोक हसायचे, गुरुवारी कोण बसतं म्हणून. काका म्हणायचे, म्हणूनच, गर्दी नसते.

"आणि गावी जाऊन मी दादाला हेच सांगायचो," काका म्हणाले. "दादा, तिकडं बाप-लेक, थोरला-धाकटा, सगळे एका टेबलाला बसतात. चोरून पीत नाहीत. आपल्याकडं तू गोठ्यामागं जातोस, मी तुला दिसलो नाय असं तू करतोस, तू मला दिसला नायस असं मी करतो. हे काय जगणं हाय का. असं मी बोलायचो. मोठा शहाणा."

आप्पा त्यावर कधी काही बोलले नाहीत. पण एका गुरुवारी त्यांनी आईकडून शर्ट इस्त्री करून घेतला, टेंपोत बसून चौकला आले आणि ढाब्यात शिरले. त्या दिवशी नेमका कारखान्याचा नवा साहेब काकांनी पहिल्यांदाच टेबलावर बोलावला होता. आप्पांनी लांबूनच हाक दिली, "सरक रं, बारक्या," आणि खुर्ची ओढली.

"साहेबांनी माझ्याकडं बघितलं," काका म्हणाले. "आणि मी बोललो, दादा, हे टेबल राखीव आहे."

"तिकडं असं बोललं तर कोणी मनाला लावून घेत नाय. तो दुसऱ्या टेबलावर बसतो. नियमच हाय तसा. मी स्वतःला हेच सांगत व्हतो. दादानं खुर्ची जशी व्हती तशी परत लावली. हातानं पुसली पण. आणि गेला. इस्त्रीचा शर्ट घातलेला त्यानं, ते मला तो पाठमोरा झाल्यावर दिसलं."

पाटी त्यांनी दुसऱ्याच दिवशी उखडली. बिअर सोडली. चार वेळा कोंडाण्याला गेले, चारही वेळा आप्पा शेतावर निघून गेले. टेबलावरचे तिघे पुढे बदलीने, आजाराने पांगले. काका गुरुवार सोडेनात. अठरा वर्षं समोर चकती मांडून बसले, कारण दादा एकदा इथे आला होता, तर पुन्हा येईल तोही इथेच येईल, असा त्यांचा हिशोब.

मला त्यांची कीव आली आणि खरं सांगते, रागही आला. माझ्या बापाला खुर्चीवरून उठवलं होतं त्यांनी. घरी येऊन मी आप्पांना सरळ म्हटलं, "मला काकांनी सगळं सांगितलं. तुम्ही एकदा जाऊन या. ते वाट बघतात."

आप्पा म्हणाले, "मला बसायचं नव्हतंच."

"आप्पा."

"तो बोलला ते बरोबर असंल तिकडचं," थोड्या वेळाने ते म्हणाले. "पण मी तिकडचा नव्हतो ना गं. मी त्याचा भाव व्हतो."

महिन्याभराने मी जर्मनीला गेले.

तिकडे पहिल्याच आठवड्यात बायकांनी 'चल' म्हटलं आणि मी 'बरं' म्हटलं. टेबलावर दोनदा टकटक केलं तेव्हा त्या सगळ्या चकित होऊन बघायला लागल्या, हिला कोणी शिकवलं म्हणून. डोळ्यांत बघून ग्लास लावला. सात वर्षं नेमकी कशाच्या बाबतीत वाईट जातात, ते त्यातल्या एकीने मला कानात सांगितलं. काकांनी पुतणीला सांगताना अंथरुणाचा तेवढा भाग गाळला होता. मी गुरुवारी फोन करून म्हटलं, "काका, सात वर्षांचं कळलं मला." पलीकडे ते मान खाली घालून हसल्यासारखे हसले. त्यांना हसताना मी तेवढंच ऐकलं.

मग एक चूक झाली, आणि ती मीच केली. इतकं शिकून. एका दुपारी थंडीने काकडत मी एकटीच त्या पबमध्ये शिरले आणि कोपऱ्यातल्या मोठ्या टेबलाला बसले. पाटी बघितलीच नाही. थोड्या वेळाने एक म्हातारे गृहस्थ आले आणि नम्रपणे म्हणाले, हे आमचं ठरलेलं टेबल आहे. मी पिशवी उचलून उठायला लागले, तर ते म्हणाले, बसा, बसा, आणि शेजारच्या टेबलाची एक खुर्ची स्वतः ओढून घेतली. मागून त्यांचे मित्र आले, टकटक करत बसले. कोणी मला काही विचारलं नाही. माझा रस संपेपर्यंत मी त्या टेबलावर होते.

मला वाटलं, काकांना गंमत वाटेल. फोनवर सगळं रंगवून सांगितलं. मग वाटलं, फोन तुटला.

"काका?"

"म्हणजे असंही करता येत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"खुर्ची आणायची. एक खुर्ची जास्तीची. आठ महिन्यांत हे माझ्यासमोर कधी झालंच नाही गं. मी अर्धाच नियम घेऊन आलो."

मी रडले त्या दिवशी. आणि मग आप्पांना फोन लावला आणि तीच हकिकत त्यांनाही सांगितली, त्या म्हाताऱ्याची, खुर्चीची, आणि काका काय म्हणाले त्याची. आप्पा नुसतं "हं" म्हणाले. मग विचारलं, "थंडी लय हाय का?"

तीन आठवड्यांनी मावशींचा फोन. दबक्या आवाजात, जसं काही चोरी पकडलीय. "तुजा बाप आलता. मंगळवारी. शिराळी विकाया चौकला आलता, ती संपवून इकडं आला. खिडकीच्या टेबलावर बसला. त्यालाबी मी ताकच दिलं. फेसाचं."

"काकांना सांगितलं का?"

"सांगितलं की. खुर्ची धरून उभाच ऱ्हायला. मग इचारतोय, कुठल्या खुर्चीवर बसला? मी सांगितलं, तू समोर पुठ्ठा ठिवतो त्याच खुर्चीवर. आणि जाताना ग्लास झाकून गेला गुरुवारी इथंच ऱ्हायलेल्या पुठ्ठ्यानं, माशी बसंल म्हणून, अर्धं ताक तसंच."

मी लगेच काकांना फोन केला. म्हटलं, पुढच्या मंगळवारी तुम्ही जा. काका म्हणाले, "नाही. मी गेलो तर तो यायचा बंद होईल. बुजलेल्या गुराकडं धावत जात नाहीत." मग जरा थांबून म्हणाले, "तिकडं ग्लासवर चकती ठेवून माणूस उठला, तर तो परत येणार असतो. दादाला हे माहीत नाही. पण ठेवली ना त्यानं."

आणि मग सुरू झालं ते आमच्या घराण्यालाच शोभेल असं होतं. मंगळवारी आप्पा यायचे, गुरुवारी काका. काका गुरुवारी उठताना नवी चकती टेबलावर सोडून जायचे. आप्पा मंगळवारी ती वापरायचे. मावशी मधल्या मधे निरोप्या. "मंगळवारी सदरा नवा व्हता त्याच्या अंगात." "गुरुवारी खोकत व्हता तुजा भाव." मी दोघांना फोनवर समजावून थकले. आप्पांना म्हणायचे, दोन दिवस पुढे जा फक्त. ते म्हणायचे, "जाईन की. घाई काय हाय." काकांना म्हणायचे, दोन दिवस अलीकडे या. ते म्हणायचे, "तो येतोय ना टेबलावर. होईल." अकरा महिने हे चाललं. दोघांच्यात फक्त बुधवार होता.

काका एका शनिवारी गेले. खालापूरच्या खोलीत, सकाळी, चहाचं आधण गॅसवर असताना. हृदय बंद पडलं. शेजाऱ्यांनी गॅस बंद केला आणि आप्पांना बोलावलं. अग्नी आप्पांनीच दिला. मला रजा मिळाली ती अडीच महिन्यांनी.

घरी पोचले तो बुधवार. दुसऱ्या दिवशी चार वाजता आप्पा शर्ट इस्त्री करून मागत होते. आईने माझ्याकडे बघितलं, मी आप्पांच्या मागून निघाले.

ढाब्यात गर्दी होती. कुठल्याशा गॅरेजच्या उद्घाटनाची माणसं जेवायला आली होती, एक खुर्ची रिकामी नव्हती, खिडकीजवळची सोडून. आप्पांनी टेबलाशी जाऊन दोनदा टकटक केलं. हे त्यांना मी शिकवलं नव्हतं, मावशींनी सांगितलं असणार. ते आपल्या खुर्चीवर बसले, मला मावशींनी भिंतीकडून स्टूल दिलं. आप्पांनी खिशातून दोन चकत्या काढल्या. काकांच्याच होत्या, शेवटच्या, कडा मऊ झालेल्या. एक स्वतःपुढे ठेवली, एक समोर. मावशी दोन ग्लास ताक ठेवून गेल्या. आप्पांनी समोरच्या ग्लासाला ग्लास लावला आणि वर बघितलं. खुर्चीच्या पाठीच्या वर, जिथे काकांचे डोळे आले असते, तिथे. किती तरी वेळ बघत राहिले.

तेवढ्यात एक म्हातारा बाप्या हातात ताट घेऊन टेबलाशी आला. अंगावर कामाचे कपडे, हात ऑइलने काळे. खुर्चीकडे बघितलं, भरलेल्या ग्लासाकडे बघितलं आणि थबकला.

"इथं कोणी बसलंय का?"

मी आप्पांकडे बघत होते. आप्पांनी हात पुढे करून तो ग्लास आणि चकती बाजूला सरकवली आणि खुर्ची हाताने पुसली.

"बसा," ते म्हणाले. "माझ्या भावाची जागा हाय. बसा."

तो माणूस अर्धा बसलेला पुन्हा उठायला लागला. "मंग येतील ना ते?"

"नाय," आप्पा म्हणाले. "तो येत व्हता तवा मी आलो नाय. तुमी बसा."